दोन कंप्युटर, एक प्रिंटर आणि समोरचा सुरेंद्र

६ जानेवारी, सोमवार
समोरच्या सुरेंद्रने त्याच्या छपाईच्या दुकानातले दोन कंप्युटर केबलने जोडले. आत टाइप करतो, बाहेर प्रिंट निघते. टाइपिंग शिकला माझ्याकडे! मला हेवा वाटत नाही. सकाळपासून त्याच्याकडे अकरा गिऱ्हाइके गेली, सहज दिसली म्हणून मोजली.

७ जानेवारी, सकाळी ९
पापनाशमहून वरलक्ष्मी अक्काचा फोन. मुलीचे लग्न ठरले. तंजावरच्या आपल्या मराठी लोकांच्या पत्रिका वीस वर्षे मीच छापतो. खाली तमिळ, वर देवनागरी. ती देवनागरी वाचणारे चारपाचच, पण ती नसली तर लग्न लागल्यासारखे वाटत नाही. अक्का म्हणाली, शनिवारी येते, सुरेंद्रनेही काही नवीन केलंय म्हणे, तेही बघते. ते 'म्हणे' फार गोड होते. माझे कान तिखट आहेत.
निश्चय: शनिवारच्या आत माझेही कंप्युटर जोडणार. स्वतः. सायकलवर वह्या विकून दुकान उभे केले, केबल म्हणजे काय मोठे!

८ जानेवारी
दहा मीटर केबल आणली. आतल्या खोलीपासून काउंटरपर्यंत बरोब्बर दहा मीटर. मध्ये भिंत आहे. भुवना म्हणाली, आणण्याआधी मोजायचे तरी. वीस वर्षांच्या संसारात हिला माझ्या भिंतीच दिसल्या.

९ जानेवारी
वीस मीटर आणली. दोन्ही कंप्युटरना नेटवर्कचा एकच नंबर दिला. माझ्या दुकानात भेदभाव नाही. दोघे एकमेकांना ओळखेनात. भुवना म्हणाली, सुरेंद्रला हाक मारा, अण्णा अण्णा करत धावत येईल. म्हणूनच मारत नाही.

१० जानेवारी, दुपारी ४
वेगवेगळे नंबर दिले. ओळख झाली! आतली फाइल काउंटरवर उघडली, तिथल्या प्रिंटरवर तमिळ बिलही छापले. दारात जाऊन मोठ्याने म्हणालो, शेअर झालं! सुरेंद्रने हसून हात हलवला. आतून जळला असणार.

११ जानेवारी, शनिवार, दुपारी १
अक्का आली. आतल्या कंप्युटरवरची पत्रिका काउंटरवर उघडून ऐटीत छापली. तमिळ झकास. वर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन, ओळीने. मराठी फाँट फक्त आतल्या कंप्युटरवर आहे, हे तेव्हा सुचले. अक्काने चष्मा लावला. म्हणाली, "अय्यो, काय सुंदर बॉर्डर रे!" मी गप्प. धंद्यात कधी गप्प बसावे ते मला कळते. मग म्हणाली, "पण आपलं मराठी कुठंय?" म्हटले, पाचच मिनिटे, अक्का. फाँट शोधत आत गेलो. चाळीस मिनिटांनी बाहेर आलो तर काउंटरवर फक्त भुवना. रस्त्यापलीकडून अक्काचे हसणे ऐकू येत होते.

संध्याकाळी ६
ऑर्डर सुरेंद्रला. सहाशे पत्रिका. मात्र अक्काने त्याला बजावले आहे, बॉर्डर अण्णाचीच हवी. म्हणजे माझ्यावाचून पत्रिका होत नाही, हे सिद्ध झाले. त्याचा फोन आला, "अण्णा, ती बॉर्डर द्याल का?" मोठ्या मनाने हो म्हटले. केबल रस्त्यापलीकडे पोचत नाही. त्या चौकोनांचे चित्र करून पेन ड्राइव्हवर घातले आणि स्वतः घेऊन गेलो.
गर्दी होती. रांगेत उभा राहिलो.