खुर्ची तिरकी ठेवली आहे

१ जून, सोमवार. सकाळी
आजपासून शिस्त. घरातल्या एसीचा कॉम्प्रेसर काल गेला. एकतीस वर्षं मी नेवाडातल्या या हेंडरसन गावात लोकांचे एसी दुरुस्त केले, त्यामुळे निदानाला दोन मिनिटं लागली. पार्ट अकराशे डॉलर. मजुरी फुकट, कारण मजूर मीच.

बर्निसने तिचा वाजवायचा ऑर्गन विकला आणि बाराशे माझ्या हातात ठेवले. म्हणाली, वेंडेल, माझ्या पायांची सूज बघतोयस ना, डॉक्टरांनी तापल्या घरात राहू नको म्हणून बजावलंय, आजच जा आणि पार्ट घेऊन ये. बायकोला भांडवल म्हणजे काय ते कळत नाही. बाराशेत नुसता कॉम्प्रेसर येतो. चोवीसशेत अख्खा नवा एसी!

कसिनोतल्या व्हिडिओ पोकरच्या मशीनवर माणसं पत्त्यांमुळे बुडत नाहीत, बेशिस्तीमुळे बुडतात. म्हणून लिहून ठेवतो. दिवसाला तीनशे जिंकले की उठायचं. शंभर हरले की उठायचं. आणि एकदा उठलं की मशीनकडे वळूनही बघायचं नाही. चार दिवसांचं काम आहे.

संध्याकाळी
शंभर हरलो. उठलो. शिस्त! मग शेजारच्या मशीनवर चाळीस. मर्यादा एका मशीनपुरती असते, हे सकाळी लिहायचं राहून गेलं होतं.

३ जून, बुधवार
दहा वाजता दोनशे दहा डॉलर वर होतो. दुसरा कुणी उठला असता. पण टार्गेट तीनशेचं. दोनशे दहावर उठणं ही सुद्धा बेशिस्तच. बाराला सगळे गेले, आजची मर्यादा गेली, आणि उद्याची उचल म्हणून घेतली तीही गेली. नोकरीत पगाराची उचल घेतोच की आपण.

बर्निसने विचारलं, पार्ट कुठाय? म्हटलं, फिनिक्सहून निघालाय. पार्ट फिनिक्सहूनच येतात, त्यामुळे हे खोटं नाही. ती बर्फाच्या पाण्यात पाय सोडून बसली होती. बर्फ फार लवकर संपवते.

५ जून, शुक्रवार
कसिनोत आज भेटवस्तूंचा दिवस. कसिनोच्या कार्डावर खेळल्याचे पुरेसे पॉइंट असतील त्याला टेबलफॅन. मला थोडे कमी पडत होते, ते भरून काढायला सव्वाशे खेळावे लागले. पण पंखा फुकट!

मोठ्या हौसेने बर्निससमोर लावला. म्हणाली, या वाऱ्याने माझा घाम नुसता उजवीकडून डावीकडे चाललाय, आणि अख्ख्या नेवाडात याच्याहून महाग पंखा कुणी घेतला नसेल. तिला कसं कळलं कोण जाणे. भेटीच्या पंख्याला कुणी किंमत विचारतं का?

९ जून, मंगळवार
लेस्टर गेला. रोज माझ्या शेजारच्या मशीनवर असायचा, ऑक्सिजनचं नळकांडं पायाशी घेऊन. आज चेहरा पांढराफटक पडला. तशातही उठून त्याने खुर्ची तिरकी करून मशीनला टेकवली, म्हणाला, वेंडेल, लक्ष ठेव रे जरा, आलोच. बाथरूमच्या दारात कोसळला. ॲम्ब्युलन्स आली.

तिरकी खुर्ची म्हणजे जागा राखलेली. इथे कुणी पाकीट विसरलं तर पाच मिनिटांत गायब होईल, पण तिरक्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. मी तर पूर्ण अर्धा तास राखण केली. मग कॉफी देणाऱ्या बाईला विचारलं. म्हणाली, बिचारा ॲम्ब्युलन्समध्येच गेला. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. मी खुर्ची सरळ केली आणि बसलो. तीन दिवस त्याने त्या मशीनमध्ये पैसे ओतले होते, आता ते देणारच. श्रद्धांजली म्हणून आजची मर्यादा दुप्पट केली.

दोनशे गेले. लेस्टरने आणखी ओतायला हवे होते.

१२ जून, शुक्रवार
हिशोब स्वच्छ आहे. उरलेल्या पैशांत कॉम्प्रेसर येत नाही. म्हणजे आता खेळ थांबवणं हाच मूर्खपणा. रोजची मर्यादा रद्द. शिल्लक आहे तीच मर्यादा. इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही?

घरात थर्मामीटर शंभर फॅरनहाइटच्या वर. बर्निस चक्कर येऊन स्वयंपाकघरात बसली. मी लगेच निर्णय घेतला की उद्यापासून तिलाही कसिनोत न्यायचं. तिथली थंड हवा फुकट. नवरा म्हणून मी कशात कमी पडत नाही.

१५ जून, सोमवार
बर्निस माझ्यामागे स्टुलावर बसते आणि विणते. तिलाही एक कार्ड काढून दिलं. सगळं शिकवलं. पाच नाणी लावायची, कधीही कमी नाही. टार्गेट झालं की उठायचं. मर्यादा झाली की उठायचं. तिने विचारलं, आणि तू कधी उठतोस? थट्टेची सवयच आहे तिला.

१६ जून, मंगळवार
शांतपणे लिहितो.

दुपारी शेवटचे वीस संपले. पण गाडीत आणीबाणीचे चाळीस असतात, ते मी मर्यादेत धरत नाही. खुर्ची तिरकी करून मशीनला टेकवली आणि पार्किंगकडे पळालो. परत येतो तो खुर्ची सरळ! त्यावर बर्निस, बूट काढून बसलेली. आणि मशीन वाजतंय. बदामचा एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. रॉयल फ्लश, पोकरमधला सगळ्यात मोठा डाव. एक हजार डॉलर. लेस्टरच्या मशीनवर. म्हणजे माझ्या.

म्हणाली, पाय फार दुखत होते रे, म्हणून टेकले, आणि पर्समधले वीस घातले.

मी आवाज चढवला नाही. फक्त मॅनेजरला बोलावलं. खुर्ची तिरकी होती हे सांगायला दोन साक्षीदार उभे केले. मॅनेजर म्हणाला, काका, नोट बाईंची, कार्ड बाईंचं, आणि बाई तुमच्याच ना? लोक हसले. म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. मग मी बर्निसला तोडगा सुचवला की अर्धे जागेचे मला, अर्धे पुढच्या खेळाला.

तिने फक्त इतकंच विचारलं, ऑर्गनचे किती उरलेत? म्हटलं, काही नाहीत, सगळे याच मशीनमध्ये आहेत, म्हणजे हे हजार मुळात आपलेच. तिने बराच वेळ मान हलवली. पटलं असावं. मग बूट घातले, मशीनमधून आलेली जिंकल्याची चिठ्ठी घेतली आणि कॅशियरच्या खिडकीकडे चालू लागली. कुठे निघालीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, टार्गेट झालं, उठले.

शिकवलेलं लक्षात ठेवते. बरं वाटलं.

१७ जून, बुधवार
नऊला उठलो. बर्निस नाही. तिची बॅगही नाही. पार्ट आणायला गेली असेल. पंखा मात्र माझ्याकडे तोंड करून लावून गेली होती.

२१ जून, रविवार
शेवटी मीच बर्निसला फोन केला. पार उत्तरेला ड्युलुथला आहे, बहिणीकडे, इर्माकडे. म्हणाली, सरोवरावरून वारा येतो, संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो, सूज उतरली. मी विचारलं, परत कधी येतेस? म्हणाली, वेंडेल, नियम तुझाच आहे, एकदा उठलं की मशीनकडे वळून बघायचं नाही.

मी समजावून सांगितलं की हा नियम पोकरचा आहे, संसाराचा नाही. ती म्हणाली, माझी हरायची मर्यादा फार वर्षांपूर्वीच झाली होती रे. तुझ्यासारखीच मीही रोज थोडी वाढवून घेत होते. मग म्हणाली, पाणी पीत जा. आणि फोन ठेवला.

संध्याकाळी
अंडी उकडली. गॅस लावायची गरज नव्हती असं वाटलं, इतकं गरम आहे.

जाताना तिने स्वयंपाकघरातली आपली खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवली होती. तशी खुर्ची पाहिली की कुणालाही वाटेल, जागा मोकळी आहे. मी ती बाहेर ओढली आणि तिरकी करून टेबलाला टेकवली. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा राहिली.

लेस्टरसाठी अर्धा तास थांबलो होतो. हिच्यासाठी उन्हाळा संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर अखेरपर्यंत थांबेन. त्यापुढे एक दिवसही नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

गरज पडली तर वाढवता येईल.