तुझ्या फ्लॅटमधलं तथास्तु

नाशिक, गुरुवार

ती. आत्या,

वाकून नमस्कार. पत्रात वाकलेलं दिसत नाही, म्हणून लिहिलं. गुडघा कसा आहे? विचारलं की तू 'बरा आहे' म्हणतेस, पण तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बिलकिसने सांगितलं की तू हल्ली जिना बसून उतरतेस. (तिच्यावर चिडू नकोस. मीच खोदून विचारलं.) सटाण्याला ऊन वाढलं असेल. इथे सगळे ठीक. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझ्या कानावर आलं ते खरं आहे. फक्त ते सुरुवातीपासून सांगू दे. मी काय काम करतो हे तू कधी विचारलं नाहीस. लोकांना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणतेस, तेही चालतं. आमची संस्था उद्योगांना आणि गावांना पुढच्या वीस वर्षांसाठी तयार करते. काय होईल ते आम्ही सांगत नाही. काय काय होऊ शकेल याची चार चित्रं लोकांकडूनच काढून घेतो. त्यातलं एक वाईट असावंच लागतं. वाईट आधी बोलून ठेवलं की ते टाळायची तयारी करता येते, एवढीच आमची विद्या. यंदा मखमलाबादकडच्या फूल उत्पादकांचं काम आलं. बैठक त्यांचे अध्यक्ष धोंडीराम यांच्या दिवाणखान्यात होती. मी फळ्यावर मोठी फुली काढली. आडव्या रेषेवर पाणी, उभ्या रेषेवर गिऱ्हाईक. दोन्ही आहेत, हा कोपरा चहा यायच्या आत भरला. एक आहे, एक नाही, असे दोन कसेबसे भरले. दोन्ही नाहीत, तिथे सगळे गप्प. धोंडीराम म्हणाले, "सर, तेवढा कोपरा राहू द्या. वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते. राहत्या घरात असलं बोलत नसतात." मी फारच आग्रह केला, तेव्हा वाळू नावाच्या शेतकऱ्याने उठून तिथे 'देवकृपेने सर्व ठीक' असं लिहिलं. टाळ्या पडल्या.

इथे मी चुकलो. मी विचारलं, राहत्या घरात नाही, तर मग कुठे? आणि माझ्या खिशात तुझ्या इथल्या नव्या, रिकाम्या फ्लॅटची किल्ली होती. (तूच सांगितलं होतंस, स्वयंपाकघरातला नळ गळतोय का बघ म्हणून. गळत नाही.) पिकअपमध्ये बसून सगळे गंगापूर रोडला आले, आणि तुझ्या सतरंजीवर बसताच त्यांच्या जिभा सुटल्या. इतक्या वर्षांत इतकं भरघोस वाईट मला कुठेच मिळालं नव्हतं. धरण आटलं. बोअर आटल्या. देवळांनी प्लॅस्टिकचे हार घेतले, ते धुऊन पुन्हा घातले, शेवटी देवच पडद्यावर आला आणि त्याच्यावर कॉम्प्युटरने फुलं उधळली. "थांब रे, माझं ऐक, माझं याहून बेकार हाय," असं वाळू दोन्ही हात वर करून सांगत होता. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भराभर लिहून घेत होतो. मग धोंडीरामांच्या पत्नी नवसाबाई (स्वतःच्या घरात त्या 'साखर चालंल ना' एवढंच बोलल्या होत्या) तुझ्या ओट्याला टेकून म्हणाल्या, "फुलांचं सोडा. पोरं जमीन विकतील अन् आम्ही दोघं टीव्हीपुढं बसू. एक गेलं की एकच बसंल." कुणी हसलं नाही. ओट्यावरून हात फिरवत त्यांनीच विचारलं, हे घर कुणाचं? मी म्हटलं, आत्याचं, अक्षय्यतृतीयेला राहायला येणार आहे.

"अहो सर, मग सांगायचं नाही का! आम्हाला वाटलं बिल्डरचं हाय."

चपला शोधायलाही कुणी थांबलं नाही. नवसाबाईंची बहीण नामपूरला दिली आहे, आणि नामपूरहून सटाण्याला बातमी कशी येते ते तुला ठाऊक आहे. संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आणि त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही." त्यानंतर तू फोन उचललेला नाहीस.

वास्तुशांतीसाठी त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींना गाठलं. दोष काय घडला, असं त्यांनी विचारलं, म्हणून मी अहवालच वाचून दाखवला. पडद्यावरच्या देवापाशी त्यांनी मला थांबवलं. यात पूजा सांगणाऱ्यांचं पुढे काय होतं ते दिलंय का, म्हणाले. त्यांना एक प्रत हवी आहे. मुहूर्त त्यांनी अजून दिलेला नाही. नवसाबाईंना मात्र चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी येऊन त्यांनी तुझ्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं.

अहवाल वरच्या ऑफिसला आवडला. उत्पादकांनीही मनावर घेतलं. शेततळी खोदायचं ठरलंय, फुलांपासून रंग करायचं बघतायत. त्यांची वीस वर्षांची तयारी झाली. इथे तुझ्या फ्लॅटमधली झोपायची खोली रंगवून झाली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली आहे, आणि तू आलीच नाहीस तर काय, याची मी काहीच तयारी केलेली नाही.

रागव, पण उत्तर दे.

तुझा,
अश्विन

ता. क. वाईट बोलायची पाळी माझ्यावरही आली होती, नवसाबाईंच्या जरा आधी. वाळू म्हणाला, "सर, फुकट ऐकताय होय? तुमचं पण काढा." मी म्हटलं, माझी आत्या माझ्याजवळ राहायला कधी यायची नाही. धरणं आटत असताना ते फारच किरकोळ होतं, कुणी लक्ष दिलं नाही. आजवर मी काढलेल्यांपैकी एवढं एकच चित्र खरं होऊ लागलंय. ते खोटं पाड.

आणखी एक. नवसाबाईंचं तोरण प्लॅस्टिकचं आहे. मी बघतच राहिलो, तशा म्हणाल्या, "बंद घराला ताजी फुलं कशाला वाळवायची? आत्या आल्या की फोन करा. तोडून आणते."