दोन स्टेपन्या

ब्लॅकवेल, २७ मे

प्रिय कर्बी,

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून मी घाईने ठेवून दिला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. भर दुपारी ब्लॅकवेलमध्ये चाकं बदलायला हल्ली येतंय कोण? मला बोलायचं नव्हतं, एवढंच. लिहितोय ते अशासाठी, की फोनवर तू मध्येच हसतोस आणि तुझं हसणं संपेपर्यंत माझं म्हणणं बाजूला पडतं. हे आपल्या घरात पहिल्यापासून असंच आहे.

तर तुझी तक्रार मला समजली ती अशी. बाबांच्या सत्तर सालच्या पिकअपसाठी तू चार चकचकीत अॅल्युमिनियमची चाकं मागवलीस. पुढची दोन बसली. मागची बसेनात, कारण चाकाला भोकं सहा आणि मागच्या हबला बोल्ट पाच. वर तू म्हणालास, "कुठल्या गाढवाने मागे भलताच अॅक्सल घातलाय रे? तूच नव्हेस ना?" आणि हसलास. चौदा जूनला बाबांना नव्वद पूर्ण होतात, त्या दिवशी पाँका सिटीला जाऊन, वृद्धाश्रमाच्या दारातून त्यांना उचलून गावभर फिरवायचा तुझा बेत आहे. बेत चांगला आहे. वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसाला असले बेत सुचतात.

तू विचिटाला विमानांच्या कारखान्यात तीस वर्षं मापं तपासतोयस, म्हणून तुला हे सांगताना मला थोडी मजाही वाटते. तू कॅटलॉगमध्ये गाडीचं साल बघितलंस, पुढचं एक चाक काढून मोजलंस आणि ऑर्डर दिलीस. सत्तरच्या गाडीला सहा बोल्ट, एकाहत्तरपासून पाच, हे पुस्तकात बरोबरच आहे. पण पन्नास-पंचावन्न वर्षांत गाडीच्या पोटात कुणी काय घातलंय ते पुस्तकाला कुठून कळणार? बाबा काउंटरवर काय म्हणायचे आठवतंय? "साल गाडीच्या कागदावर असतं, चाक गाडीला लावायचंय. चारही हब मोज." तुला आठवणार नाही. ते म्हणायचे तेव्हा तू काउंटरवर नसायचास.

हौद्यातल्या दोन स्टेपन्या मात्र तुला आठवतील. थँक्सगिव्हिंगला दरवर्षी तू त्यावरून बाबांची टर उडवायचास, की म्हातारा एवढा घाबरट, दोन दोन स्टेपन्या घेऊन फिरतो. सगळे हसायचे, बाबाही हसायचे. एक स्टेपनी सहा भोकांची होती, एक पाच. चारही चाकांवर बाबांनी एकसारख्या पांढऱ्या टोप्या बसवल्या होत्या, म्हणून बाहेरून कुणाला पत्ता लागला नाही. सदतीस वर्षं लागला नाही. तुला आता लागला, तोही टोप्या काढून फेकल्यावर.

आता गाढवाविषयी. अठ्ठ्याऐंशीचा ऑगस्ट, तू सतरा वर्षांचा. बाबा टायर आणायला ओक्लाहोमा सिटीला गेले होते. तू न विचारता पिकअप घेतलीस, हौद्यात चार दोस्त भरलेस आणि चिकास्किया नदीच्या वाळूत उतरलास. वाळूतून भरधाव वर येताना त्या बुटक्या पुलाच्या सिमेंटच्या कडेवर मागचा अॅक्सल आपटला. मी टो करून आणली तेव्हा एक चाक आतल्या बाजूला कललं होतं आणि तू ओल्या बुटांनी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतास. आई भेंडी तळत होती. मला म्हणाली, "तुझ्या बाबांना कळलं तर हा कॉलेजला जात नाही बघ. दोन आठवड्यांवर आलंय स्टिलवॉटर. रॉइस, तू म्हण ना तुझ्याकडून झालं. तुझं काय, तू इथेच आहेस." मी चोवीस वर्षांचा होतो. ते मला तेव्हा माझं कौतुक वाटलं.

बाबा ओरडले नाहीत. गाडीखाली वाकून पाहिलं, विचारलं, "कोण चालवत होतं?" मी म्हटलं, मी. त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली, ती त्यांनी खिशात घातली. त्यानंतर त्या गाडीची किल्ली माझ्या हातात कधी आली नाही. महिनाभर थांबलं असतं तर सहा बोल्टचा अॅक्सल मिळाला असता. पण त्यांना तुला स्टिलवॉटरला त्याच गाडीतून सोडायचं होतं, म्हणून टोंकावाच्या भंगारातून बहात्तरच्या गाडीचा पाच बोल्टवाला काढून आणला. मीच बसवला. तेव्हा गाढव कोण या प्रश्नाचं उत्तर तू फोनवर बरोबर दिलंस.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू नव्हतास. त्या दिवसापासून मी कुठल्याही गाडीचं चाक बसवलं, की बाबा मागून यायचे, माझ्या हातातला टॉर्कचा पाना घ्यायचे आणि मी कसलेले नट गिऱ्हाइकासमोर पुन्हा कसायचे. एकही नट कधी सैल निघाला नाही. तरी कसायचे. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "हार्लन, पोरगा अजून शिकाऊच आहे का?" पोरगा पन्नाशीला आला होता. आई गेली त्यानंतर तरी थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले ते थेट हात थरथरायला लागल्यावर. मग चार वर्षांपूर्वी आश्रमात जाताना त्यांनी पिकअप तुला दिली आणि मला दुकान दिलं, ज्यात कुणी येत नाही.

असो. चाकांचं सांगतो, ते नीट वाच. विचिटाचा तो दुकानदार पाच बोल्टांवर सहा भोकांचं चाक बसवणारी चकती देतो म्हणाला ना, ती घेऊ नकोस. चाक दीड इंच बाहेर सरकेल, हौद्यात वजन पडलं की मडगार्डला घासेल, आणि चकतीचे नट चाकाच्या आड दडतात, ते कुणीही पुन्हा कसत नाही. मागची दोन चाकं परत कर आणि त्याच नक्षीची पाच भोकांची माग, मिळतात. पाच इंचाच्या वर्तुळावरची माग, म्हणजे भोकांच्या मध्यांमधून जाणारं वर्तुळ पाच इंचांचं. त्याच कंपनीच्या मोटारींना पावणेपाचचं असतं, डोळ्यांना फरक कळत नाही आणि लोक हातोडीने बसवतात. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं, म्हणून एका भोकाच्या मध्यापासून एक सोडून पुढच्या भोकाच्या पलीकडल्या कडेपर्यंत मोज. मग चाक पालथं घाल, आडवी पट्टी ठेव आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंतची खोली बघ. चार इंच हवी. जास्त असली तर चाक आत घासेल, कमी असली तर बाहेर डोकावेल आणि बेअरिंग खाईल. बसवल्यावर हौद्यात वाळूची सहा पोती टाक, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळव आणि सगळीकडे बोट फिरतंय का बघ. जुने नट वापरू नकोस, नव्या चाकाच्या भोकाला जसा उतार असेल तसाच नट पाहिजे. या गाडीत बाबा बसणार आहेत, म्हणून एवढं लिहितोय.

तुझा फोन आल्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. दर रविवारी जातो. ठरवून गेलो होतो, की आता त्यांना सांगायचं. सदतीस वर्षं झाली, आईही नाही, तू चोपन्न वर्षांचा आहेस, आता तुझं कॉलेज बुडत नाही. मी पीचचा केक नेला होता, तो त्यांनी दोन घास खाल्ला. मी म्हटलं, पिकअपच्या मागच्या चाकांचं कळलं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला तुझ्या नावाने हाक मारली. हल्ली होतं तसं. मी दुरुस्त केलं नाही. ते म्हणाले, "कर्बी, मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्या बुटात नदीची लाल वाळू होती. रॉइसचे बूट कोरडे होते." मग माझा हात धरला, कितीतरी वर्षांनी धरला, आणि म्हणाले, "तुला बोललो असतो तर तू घरी परत आला नसतास. रॉइसचं काय, तो इथेच आहे."

मी उरलेला केक डब्यात भरला आणि निघालो. मोटारीत बसून मी रडलो, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. माझा राग त्यांनी किल्ली काढून घेतली यावर नाही. त्यांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला, तीस वर्षं, रोज, माणसांसमोर. का, ते आता विचारून उपयोग नाही. ते उत्तर मला कर्बी समजून, म्हणजे तुलाच देतील. आणि तुझं म्हणशील, तर तू घरी परत आलास कुठे? त्यांनी मला ज्यासाठी खर्ची घातलं ते तर झालंच नाही.

बाबांना खरं सांग, असं मी तुला म्हणणार होतो, पण ज्याला सांगायचं त्याला ते पहिल्यापासून माहीत आहे. तेव्हा हे पत्र एका वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. दुकानाच्या भिंतीवरची बाबांची पाटी अजून तिथेच आहे: नवी चाकं, पन्नास मैल, परत या. नवं चाक थोडं चाललं की बसतं आणि नट सैल होतात, एवढं तरी तू या घरात शिकला असशील. चाकं आदल्या दिवशी बसव, आणि त्यावर फिरू नकोस. विचिटाहून माझं दुकान साठ मैलांवर आहे, बाबा तिथून पुढे वीस. चौदा तारखेला सकाळी इथे थांब. पुढचे बारा आणि मागचे दहा, बावीस नट मी माझ्या हाताने कसून देईन. तू खाली उतरलास तरी चालेल, नाही उतरलास तरी चालेल. मी बरोबर येणार नाही. बाबा गाडीत चढण्याआधी विचारतील, कारण बाकी सगळं विसरले तरी ते विचारायला विसरत नाहीत: नट कुणी कसले? तेव्हा माझं नाव सांग. या गाडीच्या बाबतीत एकदा तरी मी केलेल्या कामाला माझं नाव लागू दे.

तुझाच, आणि अजून इथेच असलेला,
रॉइस