डाव्या दारावरची विभूती

रविवार, संध्याकाळ. हळ्ळीखेड.

नव्या गाडीला आज घरीच सिरॅमिक कोटिंग करायला घेतलो. आधी गाडी धुऊन लख्ख पुसावी लागते. डाव्या दारावरचे विभूतीचे रुंद पट्टे पुसायला हात होईना. परवा पूजेला शिवण्णानंच लावलेले. लहानपणचा दोस्त, शोरूममध्ये कामाला. गाडीबी त्यानंच निवडून दिलेली. सगळे बॉनेटवर लावतात, यानं दारावर कामून लावले? तेव्हा सुचलंच न्हाई.

शेवटी पुसलो. खाली रंग वेगळा, हाताला खरबरीत. ठोकून परत रंगवलेलं दार. डावंच.

त्याला फोन केलो. कोटिंगसाठी गाडी पुसायलोय, एवढंच सांगितलो. रंगाचं नावबी काढलो न्हाई.

तो म्हणला, "विभूती कामून पुसलास?"