दहापैकी नऊ

तीर्थरूप दाजींच्या चरणी, गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? ताई सांगत होती की डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यापासून तुम्ही रोज मुद्दाम गच्चीवर जाऊन येता. डॉक्टर चुकला हे दाखवायला स्वतःचा गुडघा पणाला लावू नये, एवढं लहान तोंडी सांगतो. ताईचं ब्लडप्रेशर बरं असेलच. (तिचं वाढलं की कारण तुम्ही असता आणि तुमचं वाढलं की वर्तमानपत्र.) अंगणातल्या पंपाची मोटर गुणगुणते म्हणे. गुणगुणत असेल तर गुणगुणू द्या, कण्हायला लागली की कळवा, माणूस पाठवतो. इकडे सगळी खुशाल आहेत. हे पत्र मात्र लाल शाईने तपासून परत पाठवू नये. मागचं तुम्ही पाठवलंत ते हिने पाहुण्यांना दाखवायला कपाटात पुढेच ठेवलं आहे.

आता गाडीबद्दल. ती तुम्ही पाहिली आहेच. तिच्याभोवती एक फेरी मारलीत, मागच्या दिव्यावरची धूळ बोटाने पुसलीत आणि "बरी आहे" म्हणालात. पण ती घरात आली कशी, आणि आल्यापासून काय काय झालं, हे सांगायचं राहून गेलं. आयुष्यभर मी व्हॅनमधून फिरलो, मागे मोटरी आणि पुढे मी. हिचं म्हणणं असं पडलं की आपली व्हॅन बघून गिऱ्हाईक भाव पाडतं. मी म्हणालो, मोठी गाडी बघून तर जास्तच पाडेल, म्हणेल माझ्याच पैशावर माजलाय. (पुढे दोघांचंही खरं ठरलं. आता व्हॅन बघणारेही पाडतात आणि गाडी बघणारेही.) पण हिच्यापुढे माझं कधी चाललंय? एका रविवारी दोघं शोरूममध्ये गेलो.

दाजी, ती जागा म्हणजे फ्रीजमध्ये बांधलेला राजवाडा. फरशी अशी गुळगुळीत की आपलाच चेहरा खालून आपल्याकडे बघतो आणि विचारतो, तू इथे कशाला आलास? एक टोकदार बुटांचा सेल्समन आला. वाक्याच्या दोन्ही टोकांना "सर" लावायचा, जसं काही मधला मजकूर सांडेल. गाडीच्या आत चौसष्ट रंगांचे दिवे लागतात म्हणाला. मी म्हणालो, मला एक पांढरा पुरे, त्यात खाली पडलेलं पाकीट सापडलं पाहिजे. मग सीट पाठ चेपून देते म्हणाला. ही सहज म्हणून बसली ती व्यवहार पुरा होईपर्यंत उठलीच नाही. आणि मी, खरं सांगतो, ना इंजिन बघितलं ना मायलेज विचारलं. मी दार लावून पाहिलं. मोटरी दुरुस्त करण्यात केस पांढरे झालेला माणूस मी, माझे डोळे म्हणजे माझे कान. तुमच्या व्हरांड्यात पहिला पंखा उघडला तेव्हापासून कानांनीच मला पोसलं आहे. त्या दाराचा आवाज काय सांगू! पत्रा नाही, काच नाही, नुसता "धप्प". भरलेलं पोतं गादीवर ठेवावं तसा. पुन्हा लावलं. पुन्हा तोच. इतक्या वेळा लावलं की सेल्समनचे दोन्हीकडचे "सर" संपले आणि तो आजाऱ्याजवळ उभं राहावं तसा मुकाट उभा राहिला. दाजी, त्या आवाजासाठी मी गाडी घेतली. बाकीची गाडी त्या दाराबरोबर आली.

द्यायच्या दिवशी त्यांनी गाडीवर साटिनचं कापड घातलं होतं. आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ते ओढायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा. ही माझ्या कानात म्हणाली, पुतळ्याचं अनावरण वाटतंय, कोण गेलं? फोटोत मी हसतोय तो त्यामुळे. सेल्समनला वाटलं गाडीमुळे.

इथवर सगळं गोड. पुढे पहिलं सर्व्हिसिंग आलं. सर्व्हिस सेंटरमध्ये आमची गाडी एका मुलीकडे आली. वयाने तिशीची असेल, हातात कायम एक टॅब, म्हणून मी मनातल्या मनात तिला टॅबवाली म्हणतो. (तोंडावर ताईच म्हणतो, तुमच्याच घरात वाढलोय.) गाडीत मागच्या बाजूला एक बारीक "टिक" यायचा. हिला ऐकू येत नव्हता, ड्रायव्हरला येत नव्हता. टॅबवाली माझ्याबरोबर एक चक्कर मारून आली, डोळे मिटून बसली आणि म्हणाली, मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल काचेला लागतंय. लागतच होतं. तिथे कापडी पट्टी लावली, पैसे लावले नाहीत. वर बिलाच्या अंदाजात कुणीतरी इंजिनच्या अंतर्गत शुद्धीचं एक महागडं कलम घातलं होतं, तेही तिने माझ्यासमोर खोडलं. म्हणाली, काका, याची तुम्हाला दोन वर्षं गरज नाही. दाजी, मी धंद्यात इतकी माणसं पाहिली, पण स्वतःच्या दुकानाचं बिल स्वतःच्या हाताने कमी करणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. माझ्याकडे असतं तर एक तर भागीदार केलं असतं नाहीतर काढून टाकलं असतं.

दोन दिवसांनी कंपनीच्या मुख्य कचेरीतून फोन आला. तुमच्या सल्लागाराला (म्हणजे टॅबवालीला) दहापैकी किती गुण द्याल? आता तुम्हीच सांगा, तुमच्यासारख्या मास्तरांच्या हाताखाली वाढलेला माणूस काय देईल? मी क्षणाचाही विचार न करता नऊ म्हणालो. ऊर भरून म्हणालो. माझ्या सख्ख्या मुलाला मी सातावर कधी नेलं नाही. (त्याच्या लग्नात साडेसात.) फोनवरच्या मुलीने विचारलं, एक गुण का कापला? मी तुमचंच वाक्य सांगितलं, की माणसाला सुधारायला जागा असावी. तिने आभार मानून ते टिपून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी सर्व्हिस सेंटरमध्ये विसरलेली छत्री आणायला तिथे गेलो. गिऱ्हाइकांच्या बसायच्या खोलीत कॉफीचं मशीन आहे. ते ज्या भिंतीला टेकलंय ती भिंत नसून काच आहे, आणि काचेपलीकडे मॅनेजर बसतात, टायवाले साहेब. ते आवाज खाली ठेवून बोलत होते, पण मोटरच्या आतलं ऐकणाऱ्याला काच म्हणजे काय! त्यांच्यासमोर टॅबवाली उभी होती. साहेब वाचून दाखवत होते: ग्राहक असमाधानी, सल्लागाराच्या कामात सुधारणेला वाव. तिला अजून कायम केलेलं नाही, आणि महिनाअखेरीला गुणांची सरासरी वर गेली नाही तर ते काही करू शकणार नाहीत, असं सांगत होते. ती एवढंच म्हणाली की मी त्या काकांना खोटं काही सांगितलं नव्हतं. बाहेर आली, मला पाहिलं, हसली, आणि माझी छत्री आणून दिली. दाजी, मी मशीनमधली कॉफी तशीच ठेवून आत गेलो.

टायवाल्यांना मी म्हणालो, नऊ म्हणजे नापास हे कुठलं गणित? ते भांडले नाहीत. खुर्ची दिली, टाय सैल केला आणि समजावून सांगितलं: दहा म्हणजे पास, नऊपासून शून्यापर्यंत सगळे एकाच पोत्यात. मी म्हणालो, बदला. बदलता येत नाही. मी म्हणालो, पुन्हा मला फोन करा. एका नंबरावर सहा महिन्यांत एकदाच फोन जातो, गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून. मग हळूच म्हणाले, माझेही गुण वरचे साहेब देतात, मागच्या तिमाहीत मलाही नऊच होते. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की मी माझी न प्यायलेली कॉफी त्यांना आणून दिली. (मग मी मुख्य कचेरीला फोन लावला. मशीनने मला बराच वेळ गाणं ऐकवलं आणि शेवटी विचारलं, या संवादाला किती गुण द्याल? भीतीने दहाचं बटण दाबलं. उगाच मशीनची नोकरी जायची.)

मार्ग एकच उरला. गाडी पुन्हा तिच्याकडे दुरुस्तीला न्यायची, फोन दुसऱ्या कुणाच्या नंबरावर येऊ द्यायचा आणि दहा द्यायला लावायचे. पण गाडीला काही होईल तर ना! मग दाजी, मी मोटरधंद्यातलं पहिलं खोटं बोललो. जाऊन सांगितलं की समोरून "किर्र" असा आवाज येतो. माझ्या कानांची तिथे एव्हाना ख्याती झालेली. दोन मेकॅनिक बसले, दोघांनीही तो नसलेला आवाज ऐकला. एकाने तर जागा बोटाने दाखवली. टायवालेही खिडकीत वाकून म्हणाले, हो, किंचित आहे. मग टॅबवाली बसली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मी मनात म्हणत होतो, बाई, आवाज आहे म्हण. तिने डोळे उघडले.

"काका, मला काही ऐकू येत नाही."

झालं. दोष नाही म्हणजे दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणजे फोन नाही. त्या मुलीने स्वतःच्या नोकरीचं दार स्वतःच्या हाताने लावलं, आणि तेही आवाज न करता.

मी गाडी आवाराच्या टोकाला नेली. डॅशबोर्डच्या कप्प्यात माझा जुना स्क्रूड्रायव्हर असतो, सवय जात नाही. दार ओढून लावायची जी मूठ असते, तिच्या खालचं झाकण काढलं आणि स्क्रू सैल केला. तेवढ्याने भागलं असतं, पण मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. दार ओढलं तर मूठ हातात आली. आणि दार लागताना "धप्प" नाही दाजी, "खडाड". ज्या आवाजासाठी गाडी घेतली, तो मी माझ्या हाताने मारला. मग मूठ हातात घेऊन, चोराने मुद्देमाल आणावा तसा, काउंटरवर गेलो.

तिने मूठ पाहिली, दार पाहिलं, स्क्रू पाहिला. मग मला पाहिलं. टॅबवर लिहिलं, मूठ निखळलेली, स्क्रू सैल होता. त्यात खोटं काहीच नाही. मूठ बसवून झाल्यावर स्क्रू हातावर ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, "काका, पुढच्या वेळी एक नंबर मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या. खाचा झिजतात." माझ्या कारखान्यात हे वाक्य मी रोज म्हणतो.

असो. पत्र लांबलं. ताईला नमस्कार, गच्चीला विश्रांती द्यावी, कळावे.

तुमच्याच व्हरांड्यातला,
मेहुणा

ता. क. एक सांगायचं राहिलं. काउंटरवर त्यांनी फोनसाठी दुसरा नंबर मागितला. हिचा द्यावा तर ही अनोळखी नंबर उचलत नाही. मुलाचा, ड्रायव्हरचा, कुणाचाच मला पाठ नाही, सगळे मोबाइलमध्ये, आणि मोबाइल गाडीत. दाजी, मला जगात एकच नंबर पाठ आहे. तो मी भरभर सांगून टाकला. फाटकाबाहेर पडल्यावर लक्षात आलं की त्या मुलीची नोकरी मी कुणाच्या जिभेवर ठेवून आलो. चार-पाच दिवसांत तुम्हाला फोन येईल. दहा म्हणा. एवढंच काम होतं. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही "का?" विचारलं असतंत, आणि तुमच्या "का"पुढे मी अजून बाकावर उभा राहतो.

ता. क. दुसरं. तुम्ही म्हणाल, ज्या माणसाने पहिल्या नंबराच्या पोरालाही कधी दहा दिले नाहीत त्याने या वयात तत्त्व का मोडावं? तर ऐका. मी स्वतःचं दुकान काढायला तुमच्या घरातून निघालो, त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आतल्या खोलीत ताईला म्हणाला होतात, "काळजी करू नकोस, पोरगा नऊचा आहे." मधे लाकडी पडदी होती. माझे कान तेव्हाही असेच होते. ते नऊ घेऊन मी पुढची सगळी वर्षं काढली, दाजी, मला दहाची गरज पडली नाही. म्हणून तर त्या पोरीला मी नऊ दिले. माझ्याकडे त्याहून मोठं काही नव्हतं. पण ही मंडळी तुमच्या शाळेत शिकलेली नाहीत. त्यांना आपले नऊ कळत नाहीत.

ता. क. तिसरं. फोनवाली विचारील, आणखी काही सांगायचंय का? तिथे "नाही" म्हणा. सुधारायला जागा वगैरे काढू नका. अगदीच जिभेवर आलं तर फोन ताईकडे द्या, तिला सगळं सांगून ठेवलं आहे. आणि दार अजून लागताना शेवटी किंचित "खड्" करतं. ते तुम्हाला ऐकू आलं तरी येऊ देऊ नका. मलाही सध्या येत नाही.