पंतांची थरथर

३ मार्च, सकाळी ६.१०
ही गेल्याला सात आठवडे. मुलीचा फोन. पंतांना रोज फिरवणार नसाल तर पंधरा दिवसांनी येऊन घेऊन जाते, म्हणाली. पंत म्हणजे आमचा कुत्रा. नाव हिनेच ठेवलेलं, माझ्या पंतोजीपणाला डिवचायला. फिरवतो की, म्हटलं. अडचण पंतांची आहे. खुंटीवरची साखळी काढली की त्यांना कापरं भरतं. गळ्यात अडकवायच्या आधीच साखळी वाजायला लागते. गच्चीवर आटोपतात बिचारे.
उद्यापासून शास्त्रशुद्ध उपचार.

४ मार्च
साखळी काढणे, परत टांगणे. वीस वेळा. अकराव्या खेपेला पंतांनी जांभई दिली. प्रगती!

५ मार्च
पुस्तकात पाहिलं. कुत्र्याची जांभई हे धास्तीचं लक्षण. प्रगती रद्द.

७ मार्च
पंतांना धीर दिला. 'मा भैषीः' म्हटलं, भिऊ नकोस. ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. ही नुसती 'चल रे' म्हणायची आणि दोघं जिन्याखाली. पद्धत अशी काही नव्हतीच तिची.

१० मार्च
एक मजला उतरलो! जिन्याच्या खिडकीतून बागेच्या फाटकाशी हिच्या मैत्रिणी दिसल्या. चौकशा करतील, पंतांना त्रास होईल. परत वर.

१३ मार्च
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. पंत ठणठणीत. मग, तुम्ही शेवटचे बाहेर कधी गेलात, असं मलाच विचारलं. किराणा घरपोच येतो, म्हटलं. साखळी तुमच्या हातात असते काका, कुत्र्याला सगळं कळतं, म्हणाल्या. बाई तरुण आहेत. अनुभवाने शिकतील.

१७ मार्च
मुलगी आली. येताना मऊ दोरी घेऊन आली. 'चल रे' म्हणाली. आवाज थेट हिचा. पंत शेपूट हलवत जिना उतरले. तासाभराने पाय चिखलात बरबटून परत. थरथर नावाला नाही. उपचार लागू पडला, मी म्हटलं. मुलीने पंतांचे पाय पुसले. बाबा, तुम्हीपण चला ना, एवढंच म्हणाली.
दुपारी पंत गाडीत बसले. पोचवायला खाली गेलो नाही. गुडघा.

१८ मार्च, सकाळी ६.१०
सवयीने साखळी काढली.
वाजली.
टेबलावर ठेवली तेव्हा थांबली. पुन्हा उचलली.
दाराशी बसून 'चल रे' म्हणून पाहिलं. हिच्यासारखं जमत नाही. कोणी उठलं नाही.