दुसरा पेला आईचा

अण्णा, तुमच्या हॉटेलात आता अशी एक कॉफी मिळते की ती पिऊन माणसाची झोप उडत नाही. हसू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या. हयातीत कुणाचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय तुम्हाला नव्हती, पण आता तुम्हाला घाई कसली? केजचं स्टँड जिथल्या तिथं आहे. गल्ल्यावर मी बसते. माझे केस पांढरे झाले तरी लोक अजून मला कॉफीवाल्याची पोरगीच म्हणतात. आजूबाजूला चहाच्या टपऱ्यांची रांग लागली आहे आणि त्यात कॉफीचं असं आपलंच एक हॉटेल तग धरून आहे, कारण तुम्ही तरुणपणी हैदराबादेला एका हॉटेलात भांडी घासायला गेलात आणि येताना पितळी फिल्टर आणि कॉफीचं वेड असं दोन्ही घेऊन आलात. फिल्टर आणून वेड तिथंच ठेवलं असतंत तर माझं आयुष्य जरा सोपं गेलं असतं, असं मी मनातल्या मनात कितीदा तरी म्हटलं आहे.

आपल्या हॉटेलची सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही दाराच्या फळ्या काढता, रस्त्यावर पाणी मारता, रात्री लावलेल्या फिल्टरमधलं डिकाशन, म्हणजे कॉफीचा उतरलेला घट्ट अर्क, दुधात ओतता. पहिला पेला तुम्ही पूर्वेला तोंड करून रस्त्यावर ओतता आणि "घे माय" म्हणून जमिनीला हात लावता. तो देवाचा. दुसरा पेला आईचा. आई चुलीशेजारच्या पाटावर बसलेली असते, पदर सावरून एक घोट घेते आणि जिभेवर घोळवते. बाकांवर गिऱ्हाईक बसलेलं, बाहेर शेअरिंगचा जीपवाला हॉर्न वाजवतोय, आणि तुम्ही पेल्यांची रांग मांडून तसेच उभे. एकदा अंबाजोगाईच्या गाडीचा ड्रायव्हर चिडून ओरडला, तर तुम्ही त्याला म्हणालात, "थांब बे. घरातून हुकूम यायचाय अजून." मग आई म्हणायची, "चालू द्या." तेवढे दोन शब्द. ते आल्याशिवाय आपल्या हॉटेलातून एक पेला कधी गिऱ्हाइकाच्या हातात गेला नाही. ज्या दिवशी ती नुसती मान हलवायची, त्या दिवशी तुम्ही सगळं भांडं बाजूला काढून पुन्हा पहिल्यापासून करायचात, आणि आमची शाळेची वेळ टळायची.

बाजाराच्या दिवशीची ती गोष्ट तुम्हाला आठवत असेल. गर्दी फार होती, पावडर पुरेना, म्हणून कामावरच्या आचाऱ्यानं तुम्हाला न सांगता चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळांची स्वस्त पूड, मिसळली. आईनं दुपारी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. तुम्ही अख्खं पातेलं गटारात ओतलंत. तेवढ्यावर भागलं नाही. तुम्ही एकेका बाकापाशी गेलात आणि हात जोडून सांगितलंत, "मघाशी पेलात त्यात चिकोरी व्हती. आमचं चुकलं. दुसरी करायलोत, बसा." लोक म्हणाले, अहो छान लागली की! तरी तुम्ही शेवटच्या बाकापर्यंत गेलात. आचाऱ्याला एवढंच बोललात, "मिसळायचीच असंल तर मिसळ, पर सांगून." मी कोपऱ्यात उभी होते आणि मला तुमची फार लाज वाटत होती. बापानं असं सगळ्या बाजारात हात जोडत फिरावं, हे तेव्हा मला झेपलं नव्हतं.

तुम्ही गेलात. तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच सकाळी आई आपणहून येऊन पाटावर बसली. मी पहिला पेला रस्त्यावर ओतला, दुसरा तिला दिला, तिनं घोट घेतला आणि म्हणाली, "चालू द्या." अशीच वर्षं गेली. मग गेल्या हिवाळ्यात तिला धाप लागायला लागली. बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके चुकतायत, औषध चालू करू, आणि चहा-कॉफी पूर्ण बंद. आई चष्म्यातून त्यांच्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती हॉटेलात आली नाही. मी म्हटलं, नुसती बस की, चार माणसं दिसतील, बरं वाटेल. तर म्हणाली, "चव घेयाची न्हाई तर तितं बसून काय करू? शोभंला बसू?" आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मग रोजच तशी पडायला लागली. जेवण अर्ध्यावर आलं. विचारलं तर हूं म्हणायची, न विचारलं तर तेही नाही. औषधानं ठोके जागेवर आले असतील, पण बाई कुठंतरी चालली होती. मला भीती वाटली, अण्णा. अगदी स्पष्ट सांगते, तुमच्या वेळी वाटली नव्हती तेवढी भीती वाटली, कारण तुम्हाला आजारानं नेलं, आणि ही आपल्या पायांनी निघाली होती. हॉटेलात सकाळी दुसरा पेला मी स्वतः प्यायचे आणि "चालू द्या" म्हणायचे. कामावरची माणसं मान डोलवायची. त्यातलं खोटं एकट्या मला कळायचं.

तहसीलमधून रिटायर झालेले एक भाऊसाहेब रोज येतात. त्यांनी पोटतिडकीनं सल्ला दिला. "ताई, कॉफी म्हणून दुसरंच कायतरी पाजा त्यायला. म्हाताऱ्या माणसाला काय कळायलंय?" मी म्हटलं, भाऊसाहेब, तिला कळतं म्हणून तर तुम्ही इतकी वर्षं इथं येताय. पण खरं सांगते, त्या सल्ल्यापासून मला अडवलंत ते तुम्ही. तुम्ही हात जोडून बाकाबाकाशी फिरताना दिसलात. तिला पाजायचं तर सांगूनच पाजायचं, आणि तिनं कॉफी म्हटली पाहिजे अशीच पाजायची, एवढं मी त्याच क्षणी ठरवलं. पुन्हा बीडला जाऊन डॉक्टरांना विचारलं, कॉफीतलं नेमकं काय बाधतं? ते म्हणाले, कॅफिन. ते काढलेल्या बिया मिळतात, डिकॅफ म्हणतात. थोडं कॅफिन उरतंच, पण सकाळी एक छोटा कप चालेल, यांच्यापुरती माझी हरकत नाही.

आईला सांगितलं तर तिनं पहिल्यांदा भिंतीवरून तोंड फिरवलं. "काढायलेत? कशानं काढायलेत?" मला माहीत नव्हतं. शोधून काढलं. काही ठिकाणी कच्च्या बिया रसायनानं धुऊन त्यातलं कॅफिन काढतात, काही ठिकाणी नुसत्या पाण्यानं. हे ऐकल्यावर तिनं हात झटकला. उमापूरला तिच्या भावाला कापसावर फवारा मारता मारता बांधावरच भोवळ आली होती, आणि तो नंतर कधी धडसा झाला नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हापासून ती कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते. म्हणाली, "फवारा मारलेलं नको आन् औषधानं धुतलेलंबी नको. असली मिळाली तर आण, न्हाईतर माझ्या नादी लागू नको." तिला वाटलं, असली मिळायची नाही आणि माझी कटकट बंद होईल. पण मी तुमची पोरगी. मी हट्टाला पेटले. सेंद्रिय पाहिजे, पाण्यानं धुतलेली पाहिजे, आणि वर चवही पाहिजे!

चवीपाशीच सगळं अडलं. पहिलं पाकीट तयार पावडरीचं होतं, त्याला जुन्या पोत्याचा वास. आईनं अंथरुणावर बसून घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "ही कॉफी न्हाई. कॉफीचं भांडं इसळलेलं पाणी हाय." मग मी पावडरीचा नाद सोडला आणि अख्ख्या बिया मागवायला लागले. बिया पारखायचा तुमचा नियम मला पाठ होता. चिंचोक्याच्या रंगाची बी घ्यायची, त्याहून काळी ती जळकी, त्याहून फिकी ती कच्ची. मी पाकीट फोडायचे, तळहातावर बिया घ्यायचे आणि उन्हात धरून रंग बघायचे. अगदी चिंचोक्याच्या रंगाच्या मिळाल्या तेव्हा मला वाटलं, जिंकलो. आई म्हणाली, "कच्च्या शेंगा खाल्ल्यावानी लागायलंय. कोन भाजलं हे?" पुढचीही तशीच. एका पाकिटातल्या बिया इतक्या काळ्या निघाल्या की मी त्या दळल्यासुद्धा नाहीत, तोंड बांधून फळीवर टाकून दिल्या. माझ्या डोक्याला ताप झाला होता, पण एक गोष्ट मी बघत होते. नावं ठेवायला का होईना, आई उठून बसत होती. कुरिअरवाल्याची गाडी दारात थांबली की, "बघू, आज काय कचरा आलाय," असं स्वतःहून विचारत होती. पहिल्यांदा तिनं असं विचारलं तेव्हा मी आत जाऊन डोळे पुसले आणि आणखी दोन पाकिटं मागवली.

त्या काळ्या बिया भाजून पाठवणाऱ्या पुण्याच्या बाईला मी फोन केला आणि चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, बाई, हा कोळसा आमच्याकडं कशाला पाठवलात? तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ताई, रंगावर जाऊ नका. कॅफिन काढताना बी भाजण्याआधीच तपकिरी होते. साध्या बीपेक्षा ती नेहमीच काळपट दिसणार. तुम्हाला दिसायला बरोबर वाटते ती खरं तर कच्ची राहिलेली असते." मी काही ऐकेना. म्हटलं, आमच्या अण्णांनी आयुष्यभर रंगावरच घेतली. ती हसली. "अण्णांनी डिकॅफ बघितली होती का?" मला तुमचा राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी त्या रागाचं हसू आलं. तुमचा नियम चुकीचा नव्हता, अण्णा, तो तुमच्या बियांचा होता. तिनं सांगितलं, बी फोडून आतला रंग बघा, वास घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख बघा आणि थोडी थोडीच मागवा, कारण ही लवकर शिळी होते. मी फळीवरचं पाकीट काढलं. एक बी दातानं फोडली. आतून चिंचोका! पाकिटात नाक घातलं तर गुळाचा पाक चढताना येतो तसा वास.

मग मी सगळं नव्यानं जुळवलं. ही बी ठिसूळ, चक्कीत तिचं पीठ होतं आणि फिल्टर तुंबून डिकाशन कडू उतरतं, म्हणून जरा जाडसर दळली. म्हशीचं घट्ट दूध तिला झाकून टाकत होतं, ते कमी केलं. जायफळ तर घातलंच नाही, चवीतला दोष लपायला जागाच नको म्हणून. बोअरच्या पाण्याऐवजी जारचं पाणी घेतलं. आणि आईला सांगितलं, ही घरी मिळायची नाही. फिल्टर हॉटेलात आहे, तो हलणार नाही, प्यायची तर तिथं यायचं. ती म्हणाली, "मंग नको." मी म्हटलं, मग नको.

सकाळी ती आली. पदर डोक्यावरून घेऊन, एका हातानं भिंत धरत धरत आली आणि पाटावर बसली. दोन भांडी तयार होती, एकात गिऱ्हाइकाची नेहमीची, एकात ही नवी. मी आनंदात नव्या कॉफीचा पहिला पेला भरला आणि रस्त्याकडं निघाले. "थांब," आई म्हणाली. "कोनती हाय ती?" म्हटलं, नवी, तुझीच. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा सात वर्षांची झाले. "तुझा बाप गेल्यापासून तो पेला मी त्यायचा समजते. त्यायला ही कावून? त्यायला खरी दे. त्यायला डॉक्टरानं कुठं बंद केलीय?" इतकी वर्षं तो पेला मी देवाचा म्हणून ओतत होते, अण्णा. ती तुम्हाला पाजत होती. मी पेला बदलला. रस्त्यावर ओतताना अर्धी कॉफी माझ्या पायावर सांडली.

मग तिनं आपला पेला उचलला. एक घोट. भाऊसाहेब बाकावर पुढं सरकून बसले होते. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला, आणि मी वळून मोठ्यानं म्हणाले, "थांब बे, हुकूम यायचाय!" आईनं दुसरा घोट घेतला. "जराशी पातळ झाली. उद्या चमचाभर जास्त घाल," ती म्हणाली. आणि मग, "चालू द्या." नेहमीच्या भांड्यातलीही तिनं बोट बुडवून जिभेला लावली, ती खोड काही गेली नाही आणि मी ती बघून न बघितल्यासारखं केलं. आता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे, बिनकॅफिनची वेगळी मागावी. शिवाय विचारणाऱ्याला तोंडानंही सांगते.

एक सांगायचं राहिलं. मला कॉफी आवडत नाही, अण्णा. ही नाही आणि खरीही नाही, कधीच आवडली नाही. माझी जीभ चहाची. आईच्या जागी बसून मी "चालू द्या" म्हणायचे तेव्हा मला कॉफीतलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि तिच्याशिवाय हे हॉटेल मला एक दिवसही नीट चालवता आलं नसतं. आईला हे बहुतेक पहिल्यापासून ठाऊक आहे, कारण आत्ताच तिनं मला न विचारता समोरच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा मागवला. तुम्हाला मात्र हे पत्र मी पाठवणार नाही. पत्ता नाही ही गोष्ट वेगळी, पण असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही तिथंही एकेका बाकापाशी जाऊन सगळ्यांना सांगितलं असतंत.